मिलकाबाईंनी थांबवलेलं पाणी

शिरपूरहून सातपुड्याकडे निघालं की डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव लागतं. तिथल्या दवाखान्यात मी औषधं द्यायचो, आणि त्याहून जास्त बातम्या. सिस्टर मिलका चेऊलकर बदलून आल्या, तेव्हा आठवड्याच्या आत मीच गावाला सांगून टाकलं की बाई ख्रिस्ती आहेत. नावावरून दुसरं काय वाटणार? गावातल्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी नाताळच्या फराळाचं ताट पाठवलं. बाईंनी त्यात चिवडा भरून ते परत केलं, पण चर्चची पायरी काही चढल्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी दोन दिवे लावतात असं कळल्यावर माझ्या शेजारच्या दगडीबाईनं, तीही मंडळीतलीच, निकाल दिला, की शिस्टर शुक्रवारचा उपास धरतात, म्हणजे पक्क्या ख्रिस्ती नाहीत.

सहा वर्षांनी मी सरळ विचारलं.

"यहुदी, नवलभाऊ. बेने इस्राएल. मूळचे अलिबागकडचे, वडील भुसावळला रेल्वेत होते. शुक्रवारचे दिवे शब्बाथचे, शनिवारच्या विसाव्याचे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही रोज नवी गोष्ट सांगायचात. ऐकायला बरं वाटायचं."

निवृत्त झाल्यावरही त्या इथेच राहिल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. माझी मेघाही. पायाळू होती ती. मायलेकी दोघी सुखरूप घरी आल्या, म्हणून या बाईंची चेष्टा करायचा हक्क मी जन्मभरासाठी मिळवलाय असं मी मानतो.

गेल्या डिसेंबरात दगडीबाईची सून ज्योत्स्ना बाळंत झाली. महिनाभर आधीच. पोरगा तीन आठवडे शिरपूरच्या दवाखान्यात राहिला आणि घरी आला तेव्हा जेमतेम अठराशे ग्रॅमचा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं: आईच्या छातीशी ठेवा, अंगावर पाणी नको. आणि दगडीबाईनं रविवारचा बाप्तिस्मा ठरवून ठेवला. चर्चमध्ये, सकाळी आठला, त्या थंडीत, डोक्यावर तीन वेळा पाणी.

ज्योत्स्ना रडत मिलकाबाईंकडे आली. बाई निघाल्या, मागोमाग मी. असली भांडणं मी सोडत नाही.

"आदमनी फळ खादं," दगडीबाई म्हणाली, "तवयपाईन बठ्ठास्ना जलम पापमाच शे. पानी पडं नही आनि पोऱ्या ग्या तर?" सगळ्यांचाच जन्म पापात, मग बाप्तिस्म्याच्या पाण्याविना पोर गेलं तर देवाकडे पोचणार कसं, ही तिची भीती.

"आदम आमचाही पूर्वज आहे, अक्का. त्याची गोष्ट सांगणारं पुस्तक तुमच्याआधी आमच्या घरात होतं."

"मंग तुमनामा पाप नही का?"

"आहे की. पण माणूस करतो ते. सोबत घेऊन कुणी येत नाही. आम्ही रोज सकाळी उठून म्हणतो, देवा, तू दिलेला जीव शुद्ध आहे."

दगडीबाईला ते पटलं नाही. "तुमनं तुमनापाशी," म्हणाली. मी हसलो, तर दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला शोधू लागलो.

मग मिलकाबाई म्हणाल्या, "आमच्यात आठव्या दिवशी मुलाची सुंता. देवाचा हुकूम आहे, शनिवारचा विसावा असला तरी चुकत नाही. पण बाळ अशक्त असलं तर थांबतात. बरं होईपर्यंत थांबायचं, हाही हुकूमच."

दगडीबाई हळूच बोलली, "मना पयला पोऱ्या तीन दिनना व्हता तवयच ग्या. पानी पडनं नही. तो कोठे शे, कोन्ही सांगं नही."

तेहतीस वर्षं मी तिच्या शेजारी राहतोय. घरोघरच्या बातम्या माझ्याकडे, आणि ही मला ठाऊक नव्हती.

मिलकाबाई तिच्याजवळ सरकल्या. "तीन दिवसांत त्यानं कुणाचं काय वाईट केलं असेल, अक्का?"

संध्याकाळी चर्चचे पाळक समाधान आले. तरुण माणूस. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आदमचं पाप सगळ्यांकडे येतं, हे आम्ही मानतो, मावशी. पण ख्रिस्ताची कृपा त्याहून मोठी आहे. ती गार पाण्यासाठी अडून बसत नाही. बाळ धडधाकट होऊ द्या. आणि तुमचा पहिला देवाच्या हातात आहे, मला त्याची काळजी वाटत नाही."

पाळकांची आणि मिलकाबाईंची मतं शेवटपर्यंत जुळली नाहीत. पण रविवार पुढे गेला.

बाप्तिस्मा फेब्रुवारीत झाला. पोरगा तीन किलोंचा, आवाज दहा किलोंचा. पाणी कोमट होतं. दगडीबाईनं आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं. मिलकाबाई पहिल्यांदाच चर्चमध्ये आल्या आणि मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. शेवटी पाळकांनी उपकारस्तुतीची प्रार्थना सुरू केली, तशी दगडीबाई उभी राहिली.

"दोन पोऱ्यासना आभार मानना शे," ती म्हणाली. "हाऊ एक, आनि मना पयला."