शून्याखालची सही

शाळेत विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला आणि मुलांकडून मी एकच गोष्ट घोकून घेतली: दिसलं तेवढंच लिहायचं. या वाक्याचा मला फार अभिमान होता. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

हुडकेश्वरला आम्ही घर बांधलं तेव्हा प्लॉट पाडलेल्या ले-आउटच्या कोपऱ्यात एक जुनी चिंच होती आणि तिच्यावर वटवाघळं. फळं खाणारी, मोठी, तांबूस मानेची. निवृत्त झाल्यावर मी गच्चीवर खुर्ची टाकून ती मोजू लागले. दिवेलागणीला ती झाडावरून सुटायची आणि मी वहीत तारीख, जागा, आकडा, हवामान लिहायची. जागा नसेल तर ती नोंद कसली, हेही मीच मुलांना शिकवलेलं. नवरा चिडवायचा, "पेन्शनीत लोकं नातवंडं सांभाळतेत, तू वाघळं सांभाळून राहिली वं!"

शेजाऱ्यांना ती चिंच नको होती. गाड्यांवर घाण पडायची, वास यायचा आणि वर टीव्हीवर ऐकलेल्या रोगाची धास्ती. झाड तोडायला परवानगी मिळावी म्हणून महापालिकेत अर्ज गेला आणि ऐन मे महिन्यात भर दुपारी पाहणीला एक साहेब आले. "वाघळायचं या मॅडमलेच विचारा," शेजारी म्हणाले.

उन्हाचा कडाका वाढला की आमची वटवाघळं काही दिवस चिंच सोडून नाल्याकाठच्या गर्द आंब्यांवर जातात. तिथं पाणी जवळ, सावली दाट. दर उन्हाळ्यात माझ्या वहीत हे लिहिलेलं आहे. त्या दुपारी चिंचेवर एकही नव्हतं.

"आज किती, मॅडम?" साहेबांनी फॉर्म पुढे केला.

मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली. वाटलं, आजचं शून्य खरं लिहिलं तर माझे बाकीचे आकडेही खरे मानतील. केवढी मी शहाणी! तोंडानं सगळं सांगितलं, वही उघडून दाखवली, "पाऊस लागला की परत येतात." साहेब "हो हो, बरोबर आहे" म्हणाले आणि रुमालानं मान पुसत गाडीत जाऊन बसले. झाडाखाली विष्ठेचा थर होता. माझा कागद हातात असताना ते खाली कशाला पाहतील?

दहा-बारा दिवसांत चिंच आडवी झाली. संध्याकाळी समोरचे शेजारी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले.

"तुमच्या सहीनंच तं काम झालं जी, मॅडम. तुमी शून्य लिहिलं नसतं तं साहेब काही मानत नव्हते."

मी त्यांच्या खांद्यावरून चिंचेच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"काहून नाराज होऊन राहिल्या? पोरायले काही झालं असतं तं?"

तो डबा मी घेतला. फेकून द्यायला हवा होता, पण दारात आलेल्या माणसाला तोंडावर काही बोलणं मला जमलं नाही. बर्फी फ्रिजमध्ये तशीच सुकून गेली.

मृग सरता सरता एका पहाटे वटवाघळं परत आली. चिंचेच्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिली, उजाडलं तशी कावळे मागे लागले आणि ती कशीबशी दक्षिणेकडे गेली. मी गच्चीवर उभी होते. शेजाऱ्यांचा राग आला, साहेबांचा आला आणि सगळ्यांत जास्त आला माझ्या त्या सुबक अक्षराचा.

पुढं बरेच दिवस हिंडून मी त्यांची नवी जागा शोधली. आता तिथं जाऊन मोजते. वहीत तारीख असते, आकडा असतो, हवामान असतं. जागेचा रकाना मी कोरा ठेवते. अशी वही कुणी वर्गात आणली असती, तर मी ती न तपासता परत केली असती.