गिरिधरभटांनी पाय मागे घेतले
चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या गिरिधरभटांना पाया पडणाऱ्याला रिकामं पाठवणं कधी जमलंच नाही. "चोर वाकला तरी आयुष्मान भव म्हणाल," असं त्यांची बायको तुळसी चिडवायची.

सफाईसाठी गटारात उतरवलेला माणूस गुदमरून मेला, तेव्हा भट, पास्टर जेबराज आणि मशिदीचे ताजुद्दीन हजरत त्याच्या बायकोला घेऊन, त्याला उतरवणाऱ्या ठेकेदार सुंदरकडे गेले. सुंदरची मुंज भटांनीच लावलेली. तो सवयीनं वाकला. भटांनी पाय मागे घेतले.

"मामा, आशीर्वाद?"

"यापुढं माणूस गटारात उतरवणार नाहीस, हे आधी बोल."

सुंदर वाकलेलाच. भटांचा हात अर्धा उठला, तो त्यांनी मागे घेतला.

"सरि, बरं मामा, नाही उतरवणार."

"मला काय सांगतोस? तिला सांग."

सुंदर त्या बाईकडे वळला, आणि हात जोडून त्यानं आधी तिचं नाव विचारलं.