दसऱ्याच्या चौरंगावरचा लॅपटॉप

आमच्या अमरावतीच्या घरी दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजतात. मागल्या दसऱ्याला बाबांनी पाटीशेजारी माझा लॅपटॉप मांडला. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. पौरोहित्य करणारा माणूस, पण पोरगा पूजा सांगणार नाही, कॉम्प्युटर शिकणार म्हणाला, तर एका शब्दानं अडवलं नाही. उलट यजमानांच्या घरोघरी सांगत सुटले, "पोरगा कॉम्प्युटरची भाषा शिकून राहिला."

शिकतो कशाचा बापा! मी निवडत होतो. पहिली भाषा पायथन घ्यावी, की जावा, की आधी सी करून पाया पक्का करावा? पायथनचा व्हिडिओ लावला की खाली कोणीतरी लिहिलेलं असायचं, यानं पाया कच्चा राहतो. झालं, मी सीकडे. सीचं पहिलं पान उघडलं की वाटायचं, हिला आता विचारतं कोण? असा अख्खा पावसाळा गेला. पण गप्पा म्हणाल तर, कोणत्या भाषेत काय खोट आहे हे मी टपरीवर असं सांगायचो की ऐकणाऱ्यानं खुशीनं चहा पाजावा.

त्या संध्याकाळी अकोल्याचे एक यजमान सोनं द्यायला आले. त्यांचं तिथं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. बाबांनी आधीच शब्द टाकला होता, अन् पोराला थोडंफार येत असेल तर दिवाळीनंतर कामावर घेतो, असं ते म्हणाले होते. आपट्याची पानं हातात देऊन त्यांनी विचारलं, "कोणती शिकला मंग?"

मी सुरू. हिचं हे चांगलं, तिचं ते वाईट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं अन् चौरंगाकडे बोट दाखवलं. "कोणत्याबी भाषेत चालते. बाबांचं नाव पडद्यावर आणून दाखव."

बटणांवर कुंकू सांडलं होतं, तेच पुसत बसलो. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, भरल्या घरात उघडा पडला. बाबा घाईघाईनं म्हणाले, "आज मुहूर्त केला न त्यानं. आजपासूनच सुरू करून राहिला." सरस्वतीपुढं बसून माझ्यापायी खोटं बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यजमान "करा, करा" म्हणत उठले. दिवाळीनंतर बोलावणं आलं नाही.

बाबा अजूनही त्यांच्याकडे सत्यनारायण सांगायला अकोल्याला जातात. तिथं माझा विषय निघतो का, हे विचारायची हिंमत मला होत नाही.

यंदाही चौरंग मांडला. बाबा पाटीवर सरस्वती काढत होते. मी लॅपटॉप घेऊन दारातच घुटमळलो. त्यांनी वर पाहिलं, पाटी जराशी सरकवून जागा केली अन् विचारलं, "मंग, कोणती ठरली रे?"

बाबांना टोमणा मारता येत नाही. ते खरंच विचारत होते.

"ठरवून राहिलो, बाबा."

"बरं," म्हणाले, लॅपटॉप माझ्या हातून घेऊन पाटीशेजारी मांडला अन् यंदाही त्याच्यावर फूल वाहिलं.