तूप पारखणाऱ्याचं नाक

वैद्याच्या बरण्या रिकाम्या होत जातात, किस्से मात्र साचत जातात. त्यातही नाकाचे किस्से सगळ्यांत जास्त! ताप आलेला गप्प पडून राहतो, पोट दुखणारा नुसता कण्हतो. नाक चोंदलेला मात्र बोलल्याशिवाय राहत नाही. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. ताडकळसला बाजाराच्या दिवशी माझ्या ओसरीवर अशा लोकांची गर्दी असे. आता डॉक्टर ज्याला सायनस म्हणतात, त्याला तेव्हा सगळे नजलाच म्हणत.

*

म्हादबा नावाचा शेतकरी होता. वाकून कापूस वेचायला लागला की त्याचं कपाळ ठणकायचं.

"डोक्यात किडा शिरलाय, वैद्यबुवा!"

मी त्याला समजावलं, "किडा नाही रे. कपाळाच्या आणि गालाच्या हाडांत पोकळ कोनाडे असतात. त्यांची वाट नाकात उघडते. सर्दीनं ती वाट सुजली की आतलं आत तुंबतं, म्हणून वाकलास की ठणकतं."

"म्हंजी डोस्कं पोकळ हाय?" म्हादबाचा चेहरा उजळला. "आमची मालकीण रोजच म्हणती, पर मला खरं वाटत न्हवतं!"

*

त्यालाच मी ओव्याच्या पाण्याची वाफ सांगितली, डोक्यावरून घोंगडं घेऊन. पठ्ठ्यानं नेमकं तेच घोंगडं घेतलं, ज्यावर घरच्या मिरच्या वाळवल्या होत्या! शिंकून शिंकून बेजार झाला, पण नाक मोकळं झालं.

पुढच्या बाजाराला माझ्या ओसरीवर शुकशुकाट. सगळे म्हादबाच्या घरी, घोंगडं मागायला! मला असा राग आला म्हणता.

*

आमचे तलाठी म्हणजे जमदग्नीच. नजल्यानं त्यांचं डोकं धरलं, म्हणून मी त्यांना सुंठेचा लेप दिला. तो कपाळभर फासून ते चावडीवर बसले. एक म्हातारी आली, तिला वाटलं साहेबांनी भस्म लावलंय. तिनं वाकून पायच धरले! तलाठी एवढे ओशाळले की दिवसभर कुणावर खेकसले नाहीत.

संध्याकाळी चार माणसं हात जोडून माझ्याकडे. "वैद्यबुवा, सायबाचं डोस्कं इतक्यात बरं करू नका!"

*

शेषरावचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तो एका आडत्याकडे तूप पारखायला होता. गावोगावच्या बाया बाजारात तूप आणत. शेषराव बोटभर तूप हाताच्या पाठीवर घ्यायचा, चोळून ऊब आली की हुंगायचा आणि सांगायचा: ताजं, शिळं, गाईचं, म्हशीचं. त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

जुन्या नजल्यानं त्याचा वासच गेला.

"आडत्याला कळलं तर काम गेलंच बगा," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. मलाही गलबलून आलं. माणूस नाकावर जगतो आणि नाकच दगा देतं!

वाट काढली त्याच्या बायकोनं, गयाबाईनं. ती त्याच्याशेजारी येऊन बसू लागली. भांड्यावरचं फडकं ती सोडायची, सोडता सोडता हुंगायची. पदर सारखा केला तर तूप चांगलं. कान खाजवला तर खराब. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं बाजारात अशी कधी बसली नव्हती. दुपारी एकाच फडक्यातली भाकरी खायची, गिऱ्हाईक नसलं की खुसुखुसु हसायची.

मी रोज सकाळी त्याला वाफ द्यायचो आणि मग नाकात गाईच्या कोमट तुपाचे दोन थेंब सोडायचो. पुष्कळ दिवस काहीच फरक नाही. तो निराश, मी चिडलेला.

एके सकाळी थेंब नाकात गेले आणि शेषराव ताडकन उठून बसला.

"वैद्यबुवा! हे गाईचं न्हाई, म्हशीचं हाय!"

औषधाच्या तुपात माझी अशी फसवणूक! पण खरं सांगतो, असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. त्याला मिठीच मारली.

शेषराव पायरीपर्यंत गेला आणि परत आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "एक इनंती हाय. नाक बरं झालंय हे घरी सांगू नका. तिला कळलं तर बाजारात यायची न्हाई."

मी शब्द दिला.

*

दोन-तीन बाजार गेले. दोघं तशीच शेजारी बसत. गयाबाई पदर सारखा करायची, कान खाजवायची. शेषराव मान डोलवायचा.

एक दिवस ती एकटीच ओसरीवर आली. मला वाटलं, सुंठ न्यायला आली असेल.

"वैद्यबुवा, मालकाचं नाक बरं झालंय," ती म्हणाली. "परवा अंगणातून वरडले, 'अगं, भाजी करपायलीय!' आन् मग आपलीच जीभ चावली."

मी सुंठेची बरणी पुढे ओढली.

ती पदर सारखा करत हसली. "मला ठावं हाय हे त्यायला सांगू नका."