झालरवालं घर

आमच्या घरातून शत्रूच्या विमानांना कुठलीही मदत झाली नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. झाली असेलच तर ती जेमतेम अर्धा मिनिट झाली, आणि तीही एका साहेबांच्या हुकमावरून!

मी आठवीतून शाळा सोडलेला, वर्ध्याकडच्या खेड्यातला माणूस. मामांनी मला जबलपूरला आणलं, घमापुरातल्या स्वतःच्या घरात ठेवलं, आणि चार ठिकाणी हात जोडून फॅक्टरीत चिकटवलं. नोकरी कच्ची होती. मीही कच्चाच होतो. (झोपेतसुद्धा "जी साहब" म्हणतो, असं मामी सांगायची.) एवढे उपकार फेडायचे कसे? दिवाळीला कमानिया गेटच्या बाजारात जाऊन तार, होल्डर आणि छत्तीस बारके रंगीत बल्ब आणले, स्वतःच्या हातांनी जोडले आणि अंगणातल्या जाईच्या मांडवावर माळ चढवली.

मामी खूश! दिवाळी संपल्यावर मी माळ उतरवायला शिडी लावली, तर म्हणाली, "काहून काढून राहिला रे? किती छान दिसते! राहू दे."

राहिली. संक्रांतीला होती, होळीला होती, पितृपक्षातही होती! तिकडे दिव्यांच्या माळेला झालर म्हणतात, म्हणून रिक्षावाले आमच्या घराला 'झालरवाला घर' म्हणू लागले. मी गावी आईला पत्र टाकलं : "येशील तेव्हा रिक्षावाल्याला एवढंच सांग, झालरवाला घर. अख्ख्या गल्लीत आपलंच उजळलेलं दिसेल."

माळेत कारागिरीच्या दोन खुणा होत्या. एक, सगळे बल्ब एकाच तारेत एकापुढे एक ओवलेले, त्यामुळे एक काढला की छत्तीसच्या छत्तीस गप्प. दुसरी, स्विच बसवायचा मी विसरलो होतो. (आठवीनंतर विज्ञानात हेच असावं.) म्हणून मामी सकाळी तुळशीजवळचा लाल बल्ब फडक्यात धरून काढायची आणि दिवेलागणीला परत लावायची. तोच आमचा स्विच.

मग एकाहत्तरचं युद्ध आलं आणि ब्लॅकआउट लागला. फॅक्टऱ्यांचं शहर, म्हणजे बॉम्ब आपल्याच डोक्यावर, अशी मला खात्री. मोहल्ल्यात उजेड दिसू नये यावर लक्ष ठेवायचं काम मामांनी घेतलं. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी! "एका फटीतून जरी उजेड दिसला ना, मी नातं पाहणार नाही!" असं त्यांनी बजावलं. गल्लीत त्यांचं नातं फक्त माझ्याशीच होतं.

मला झोप येईना. मामीने सवयीने संध्याकाळी बल्ब लावला तर? शेवटी लाल बल्ब मी शर्टाच्या खिशात घातला आणि रोज फॅक्टरीत नेऊ लागलो. स्विचच आपल्या ताब्यात! तीन दिवस निर्धास्त गेले.

चौथ्या दिवशी सुटताना गेटवर झडती कडक झाली. दरबान दुबेजींचा हात माझ्या खिशाशी थांबला.

"ये क्या है?"

"बल्ब, दुबेजी. घर का."

"घर का बल्ब फॅक्टरी में क्या कर रहा है?"

"घर में न जले, इसलिए इधर लाया."

माझंच उत्तर मला इतकं चोराचं वाटलं की मी घामाघूम झालो. असाच लाल बल्ब आमच्या मशीनवरही असायचा! दुबेजींनी मला सुरक्षेच्या साहेबांपुढे उभं केलं. ते फौजेतून आलेले, म्हणून सगळे त्यांना सुबेदारसाहेब म्हणत. त्यांनी बल्ब डोळ्यांपुढे धरला. "सरकारी निकला तो कल से आना मत. और मामा को भी जवाब देना पडेगा."

मामांना! ज्यांनी माझ्यासाठी हात जोडले त्यांना! "साहब, घर चलिए. मेरी झालर में एक जगह खाली है. उसी का है ये."

"चलो. जला के दिखाओ."

तीन सायकली घमापुरात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दारात मामा, पट्टी-शिट्टीसह. सगळं ऐकून ते पांढरे पडले. माळ लागली तर ब्लॅकआउट मोडला, नाही लागली तर भाचा चोर!

"साहब, सुबह आ जाइए," मामा म्हणाले.

"सुबह तक ये दूसरा बल्ब ले आएगा. लगाओ!"

मी देवाचं नाव घेऊन बल्ब फिरवला. अंधार. आणखी फिरवला. अंधारच!

"अच्छा," सुबेदारसाहेब म्हणाले. असा "अच्छा" माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

तेवढ्यात मामी लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि साबुदाण्याच्या डब्यातून हिरवा बल्ब घेऊन आली. "तुझा काय भरवसा? म्हणून मीही एक काढून ठेवला होता." तो लावला. अंधार!

"अब तो पक्का," दुबेजी म्हणाले.

मग सगळ्यांनी मामांकडे पाहिलं, कारण मामा आकाशाकडे पाहत होते.

"अहो?" मामी म्हणाली.

मामांनी बंडीच्या आतल्या खिशातून गुपचूप पिवळा बल्ब काढला. "तुमच्या दोघांवर कोण विश्वास ठेवंल?"

तो बसताक्षणी छत्तीस दिवे असे पेटले की जाईची पानं मोजता यावीत! गल्लीभर ओरडा झाला, "बुझाओ! बुझाओ!" मामांनी सवयीने स्वतःच्याच घराकडे तोंड करून शिट्टी फुंकली. "मान लिया, तेरा ही है! बुझा, बाबा, बुझा!" सुबेदारसाहेब तुळशीआड बसून ओरडले. एक बल्ब काढणं पुरेसं होतं. आम्ही तिघांनी तीन काढले.

नोकरी वाचली! दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला चिठ्ठीही लिहून दिली : 'एक बल्ब, लाल, निजी. आते-जाते मिलान किया जाए.' आता दुबेजी रोज दोन्ही वेळा बल्ब मागू लागले. एकदा घरी राहिला, तर त्यांनी गेटवरून परत पाठवलं. ही चिठ्ठी रद्द करा, असं म्हणायची माझी काय छाती!

काही दिवसांनी युद्ध थांबलं, ब्लॅकआउट उठला. त्या संध्याकाळी दुबेजींना बल्ब दाखवून मी घरी निघालो, तर घमापूर नुसतं झगमगत होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका रिक्षावाल्याने मला थांबवलं.

"भैया, झालरवाला घर कौन सा है?"

मी मान वर केली. अख्ख्या गल्लीत एकच घर काळंठिक्कर.

"वो रहा," मी म्हणालो. "जहाँ अँधेरा है."

रिक्षातून एक ओळखीचं डोकं बाहेर आलं. आई! "काय रे, पत्रात तर लिहिलं होतं आपलंच घर उजळते म्हणून!"

"उजळते ना, आई," मी खिशावर हात ठेवून म्हणालो. "तेच घेऊन येऊन राहिलो."