उताऱ्यापाशी अडलेला टँकर

पाण्याचा टँकर विहिरीपासून वीस पावलांवर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "हितनं फुडं न्हाई."

मी भुताच्या सिनेमात आर्ट डिपार्टमेंटला होतो. म्हणजे सीनला हवी तशी जागा तयार करून देणं. जत तालुक्यातल्या या विहिरीतून एक बाई नावानं हाका मारते, ही दंतकथा लेखकाला कुठून मिळाली कोण जाणे. गावात कुणी ती ऐकलीसुद्धा नव्हती. त्यांच्यासाठी ती रोजची विहीर. टँकर तिच्यात पाणी ओततो, बायका शेंदून नेतात.

विहीर झपाटलेली दिसावी म्हणून मी वाटेवर उतारा मांडला. नारळ, टाचण्या टोचलेली लिंबं, कुंकू. अगदी खऱ्यासारखा जमला, हीच चूक; खरा उतारा कुणी ओलांडत नाही.

ड्रायव्हरला म्हटलं, हे खोटं आहे, मीच बाजारातून आणलंय. तो म्हणाला, उतारा समदेच बाजारातनं आणत्यात.

डोक्याला हात लावला. उचलावा, तर डायरेक्टर सर तयार नाहीत. कंटिन्युइटी! अर्धा सीन झाला होता, आणि पुढच्या शॉटमध्ये लिंबू जरा जरी सरकलेलं दिसलं तरी प्रेक्षक पकडतो. लंचनंतर बघू, म्हणाले. टँकरला अजून दोन गावं होती. तो गेला असता तर आज गावाला पाणी नव्हतं. घागरी घेऊन बायका उन्हात उभ्या.

त्यातल्या शांताक्कांनी सकाळी मला भाकरी दिली होती. त्यांनाच म्हटलं, तुम्ही सरकवा ना.

"मांडणाऱ्यानंच उचलायचा असतोय त्यो. आमी कोण हात लावणार न्हाई."

"माझी नोकरी जाईल, अक्का."

"आन आमचं पाणी रं?"

मी भंडाऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. कागद न मागता मॅडमनी, म्हणजे आमच्या आर्ट डायरेक्टरनी, काम दिलेलं. ते गेलं तर इतक्या लांबून कुठल्या तोंडानं घरी जायचं? शेवटी मीच उतारा उचलला. तरी ड्रायव्हर हलेना. टँकरमधूनच बादलीभर पाणी काढून त्यानं माझ्याकडून ती जागा धुवून घेतली, मग गाडी पुढं घेतली.

सरांनी सगळ्यांसमोर झापलं. मॅडम म्हणाल्या, माझा माणूस आहे, मी बघते. उरलेला सीन विहिरीच्या पलीकडून घेतला, आणि मला शूटिंग संपेपर्यंत सामान बांधायला बसवलं. एडिटिंगमध्ये तो सीनच कापला गेला.

मॅडमनी पुढच्या कामालाही बोलावलं. आता कुठलीही जागा झपाटायच्या आधी मी विचारून घेतो, इथनं पाणी कोण भरतं.