फांगोच्या काठचे सत्तर सेकंद

मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात मुलं मला आर्मीवाले काका म्हणतात. पंधरा ऑगस्टला भाषणासाठी बोलावतात तेव्हा कमिटीचा पहिला प्रश्न असतो, युनिफॉर्म घालून येणार का. अमेरिकेचा युनिफॉर्म भारताच्या स्वातंत्र्यदिनाला कशासाठी, हे कोणी विचारत नाही. चकाकणारं काहीही चालतं.

"काका, व्हेअर डिड यू फाइट?"

"कोर्सिकात. नदीशी."

मुलं हसतात. पुढचं मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये एम. एस. केलं, नोकरी लागली, गेली. ग्रीन कार्ड तेवढं हातात होतं. २००३ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, मी आर्मीत भरती झालो. आईला फोनवर सांगितलं, पूल बांधायचं काम आहे. ते खोटं नव्हतं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनाहून आमची इंजिनिअर प्लाटून फ्रेंचांबरोबर तीन आठवड्यांच्या सरावासाठी कोर्सिका बेटावर गेली.

फांगो ही तिथली डोंगरी नदी. वर अडीच हजार मीटरचे सुळके, खाली लालसर खडकांची दरी, मध्ये बाटलीच्या काचेसारखं हिरवं पाणी. पात्र शंभर मीटर रुंद, पण सप्टेंबरात पाणी त्यातल्या वीस मीटरांतच. उरलेल्या पात्रात नुसते गोटे. मी पोलादपूरचा, सावित्रीकाठचा. इतकी बारीक नदी इतकं मोठं पात्र का ठेवते, हे मला कळत होतं.

काम ठरलेलं असे. ०५:३० ला उठणं, ०७:०० ला पाण्यात, तराफ्यांवर पायपूल टाकायचा, काढायचा, पुन्हा टाकायचा. माझी ड्यूटी 'अप्पर'. म्हणजे पुलापासून आठशे मीटर वर, नदीच्या वळणावर एका खडकावर रेडिओ घेऊन बसायचं आणि पाण्यावर नजर ठेवायची. इशाऱ्याचा फ्लेअर उडवायला बंदी होती. काठची झुडपं वाळून कोळ झाली होती, एक ठिणगी पुरली असती.

आमचा स्क्वॉड लीडर स्टाफ सार्जंट रुईझ, रेडिओवर 'टू-वन'. चाळिशीचा, बुटका, टेक्सासचा. दुसऱ्या आठवड्यात मी वर काळे ढग पाहिले आणि रेडिओवरून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. नदी बोटभर वाढली. प्लाटूनचे लेफ्टनंटसाहेब म्हणाले, "हे कोर्सिका आहे, तुझं इंडिया नाही." त्या दिवसापासून माझं नाव मॉन्सून पडलं. जेवणाच्या रांगेत कोणी ग्लासभर पाणी सांडलं तरी ओरडा व्हायचा, "मॉन्सून, रिपोर्ट!"

रुईझही हसला. संध्याकाळी मात्र बूट साफ करता करता म्हणाला, "दहा वेळा चुकलास तरी अकराव्यांदा बोल. कळलं?"

"येस, सार्जंट."

शेवटच्या शुक्रवारी पाहुणे येणार होते. दोन देशांचे वरिष्ठ अधिकारी, एक मंत्री, फोटोग्राफर. काठावर मांडव पडला, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी चढल्या. पात्रातले गोटे तेवढे कोणी रंगवले नाहीत. दुपारी लेफ्टनंटसाहेबांनी दोन हुकूम दिले. एक, पाण्यातल्या चौघांनी नारिंगी लाइफ जॅकेट काढायची, फोटोत वाईट दिसतात. दोन, १५:०० ते १५:२० भाषण. रेडिओ बंद, कारण आमचं बोलणं लाउडस्पीकरमध्ये शिरतं. इमर्जन्सी सोडून.

"सर, जॅकेट राहू द्या," रुईझ म्हणाला.

"वीस मिनिटांचा प्रश्न आहे, सार्जंट."

१५:०० ला भाषण सुरू झालं. दोन राष्ट्रांमधल्या पुलाबद्दल काहीतरी वळणापर्यंत ऐकू येत होतं. आकाश निळं. मागचे सुळके मात्र ढगात पुरते बुडालेले.

१५:०७ ला पाण्यावरून पाइनच्या सुया गेल्या. मूठभर, मग ओंजळभर. पाण्याचा हिरवा रंग चहासारखा होऊ लागला. वास आला, भिजलेल्या मातीचा. माझ्या डोक्यावर ऊन होतं. घाटावर पाऊस कोसळतो आणि खाली ऊन असतं तेव्हा सावित्री अशीच येते, हे मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं.

रेडिओ हातात होता. मी बोललो नाही.

पाइनच्या सुया म्हणजे इमर्जन्सी का, याचा मी विचार करत होतो. मंत्र्याच्या भाषणात माझा आवाज घुसला आणि नदी बोटभरच वाढली, तर काय होईल, हेही. मी घड्याळाकडे पाहिलं होतं, म्हणून आकडा ठाऊक आहे. सत्तर सेकंद. मग वरून गोटे एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला.

"टू-वन, धिस इज अप्पर. पाणी येतंय. मोठं. सगळे बाहेर, आत्ता. ओव्हर."

पुढचं मी पाहिलं नाही. प्रायव्हेट हॉब्ज पुलाजवळ पाण्यात होता, त्याने सांगितलं. माझा आवाज लाउडस्पीकरमधून सगळ्या दरीत घुमला. मांडवात हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "मॉन्सून!" लेफ्टनंटसाहेबांनी वर निळ्या आकाशाकडे पाहिलं. रुईझने शिट्टी मारली आणि जवळच्या दोघांना ढकलत काठावर काढलं. हॉब्जच्या मनगटाला तराफ्याचा पट्टा अडकला होता. रुईझ परत फिरला, सुरीने पट्टा कापला आणि हॉब्जला काठावरून टाकलेल्या दोराकडे लोटलं. काठावरच्यांनी हॉब्जला ओढून घेतलं. तेवढ्यात पाणी पोचलं. छातीभर उंच, तपकिरी, झाडांसकट. दोर दुसऱ्यांदा टाकायला वेळ मिळाला नाही.

"टू-वन, अप्पर. ओव्हर."

"टू-वन, अप्पर. ओव्हर."

१७:४० ला रुईझ सापडला, दोन किलोमीटर खाली, जुन्या दगडी पुलाच्या कमानीशी. तो पूल जागेवर होता. आमचा नव्हता.

परत आल्यावर बेसवरच्या चॅपेलमध्ये शोकसभा झाली. समारंभांची टिंगल करायची मला खोड आहे, पण फायनल रोल कॉलपुढे ती चालत नाही. फर्स्ट सार्जंट हजेरी घेतो. हजर असलेले उत्तर देतात. मग त्याचं नाव.

"सार्जंट रुईझ."

"स्टाफ सार्जंट रुईझ."

"स्टाफ सार्जंट हेक्टर रुईझ."

कोणी उत्तर देत नाही. मी घड्याळ पाहिलं. तीन हाका आणि मधली शांतता धरून अर्धं मिनिट. मी नदीवर त्याच्या दुपटीहून जास्त गप्प होतो.

चौकशीच्या अहवालात 'इशारा तत्काळ देण्यात आला' असं आहे. तो शब्द मी सुचवला नाही, खोडलाही नाही. पुढच्या वर्षी मी आर्मी सोडली.

हे मी मराठीत लिहितोय. रुईझच्या बायकोला, अनाला, ते वाचता येणार नाही. तिच्या पाठीमागे लिहिल्यासारखं होईल, म्हणून गेल्या शनिवारी दीड तास ड्राइव्ह करून तिच्याकडे फेएटव्हिलला गेलो. तिच्या ओट्यापाशी उभं राहून सगळं सांगितलं. सुया, रंग, घड्याळ, सत्तर सेकंद. तिने हातातलं भांडं धुऊन पालथं घातलं. नळ चालूच राहिला.

"तो घरी फोन करायचा तेव्हा तुझ्याबद्दल सांगायचा," ती म्हणाली. "की एका माणसाला सगळे हसतात, पण पाणी त्यालाच कळतं."

तिने दुसरं भांडं नळाखाली धरलं.

"त्या दिवशी तुझा आवाज आला, तेव्हा तो हसला का?"

"नो, मॅम. बाकी सगळे हसले. तो शिट्टी तोंडात घालत होता."

तिने नळ बंद केला.